प्रवासातील बालक, वाहक आणि शिक्षक
(लाखांदूर येथील शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मानवी व्यापार हा शब्द उच्चारला की महानगरांतील अंधाऱ्या वस्त्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि आपल्या धानाच्या मुलखाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु फसविले गेलेले मूल एकदम शहरात प्रकट होत नाही. ते कोणत्या तरी गावाहून निघते, थांब्यावर उभे राहते आणि गाडीत बसते. लाखांदूरहून निघालेले मूल साकोलीच्या महामार्गावर किंवा वडशाच्या रेल्वेस्थानकावर जाणार. आणि तेथवर त्याला बहुधा एस. टी. अथवा काळीपिवळीच नेणार. म्हणून वाहनावर राबणाऱ्या माणसांविषयी, आणि त्यांच्या कामाला शिक्षकाने द्यावयाच्या साहाय्याविषयी, मी आज बोलणार आहे.

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार व वेठबिगार निषिद्ध ठरविली आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमानुसार शोषणासाठी बळाने, फसवणुकीने वा आमिषाने माणसाची भरती करणे, त्याला नेणे, आश्रय देणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा ताब्यात घेणे हा गुन्हा आहे. त्या व्यक्तीची संमती होती, ही सबब चालत नाही. बळी बालक असेल तर शिक्षा किमान १० वर्षांची असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. यातील ‘नेणे’ हा शब्द आपण ध्यानात घ्यावा. गुन्हा रस्त्यावरही घडत असतो. म्हणूनच तो रस्त्यावरही रोखता येतो.

याची साक्ष आपल्याच राज्यात आहे. वसई रेल्वेस्थानकाबाहेर दिल्लीहून एकटीच आलेल्या एका अल्पवयीन मुलीने एका रिक्षाचालकाकडे भाड्याच्या खोलीची चौकशी केली. त्या गृहस्थाने भाडे घेऊन तिला कोठेही सोडले असते, तरी कोणी त्याला जाब विचारला नसता. त्याने आपुलकीने चौकशी केली व पोलिसांना कळविले. मुलगी सुखरूप घरी गेली. रेल्वे सुरक्षा दलानेही ‘नन्हे फरिश्ते’ या मोहिमेत २०१८ ते मे २०२४ या काळात ८४ हजारांहून अधिक बालकांना स्थानकांवर व गाड्यांत आधार दिला. ही सारीच मुले व्यापाराला बळी पडलेली नव्हती. पुष्कळशी घर सोडून निघालेली किंवा चुकलेली होती. परंतु असे एकटे मूलच दलालाच्या हाती सहज सापडते.

वाहकाने पाहावयाचे तरी काय? मुलाला सोबतच्या माणसाचे नाव सांगता येत नाही. मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दुसराच देतो. कोठे उतरावयाचे ते मुलाला ठाऊक नाही. एकाच माणसाबरोबर निरनिराळ्या गावांची मुले आहेत. यांपैकी एकही खूण म्हणजे पुरावा नव्हे. ते केवळ विचारपूस करण्याचे कारण होय. संशय बळावल्यास भांडण न करता १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर, आणि रेल्वेत असल्यास १३९ वर कळवावे.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा प्राण घेतला. मे २०२३ मध्ये भुसावळ व मनमाड येथे दानापूर-पुणे गाडीतून बिहारची ५९ मुले उतरविण्यात आली आणि सोबतच्या पाच जणांना अटक झाली. मुले मदरशांत शिकावयास निघाली होती. पुढे तपासात तो गैरसमज ठरला आणि २०२४ मध्ये प्रकरण बंद करण्यात आले. तोवर मुलांना अनेक दिवस घरापासून दूर, बालगृहात काढावे लागले होते. तेव्हा वाहकाचे काम कळविण्याचे. निवाड्याचे काम पोलिसांचे व बाल कल्याण समितीचे.

आता आपले काम. वाहक मुलाला घटकाभर पाहतो. आपण त्याला वर्षानुवर्षे पाहत असतो. वाहकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाला देता आले, तरच त्या प्रश्नाचा उपयोग. म्हणून पहिलीपासून प्रत्येक मुलाला आपले पूर्ण नाव, गाव, तालुका, घरचा दूरध्वनी क्रमांक आणि १०९८ हे तोंडपाठ असावे. धानाचा हंगाम आटोपला की पूर्व विदर्भातील कितीतरी कुटुंबे मिरची तोडण्यास तेलंगणात जातात. अशा कुटुंबातील मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक व शाळेचा दाखला द्यावा; प्रामाणिक पालकाला तो कागद वाटेत आधार देईल आणि परगावच्या शाळेचे दारही उघडील. मूल कोणाबरोबर, कोठे गेले, याची नोंद ठेवावी. सलग गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी स्वतः जावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ग्राम बाल संरक्षण समितीस कळवावे. शेवटी, गावातील काळीपिवळीचे चालक व मुक्कामी गाडीचे चालक-वाहक यांना एकदा शाळेत सन्मानाने बोलवावे. त्यांची व मुलांची ओळख व्हावी. ओळखीचे मूल अनोळखी माणसाबरोबर दिसले, तर तो चालक विचारल्यावाचून राहणार नाही.

हजेरीपटावरील प्रत्येक नाव म्हणजे आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. ती शाळेच्या फाटकाबाहेरही सुरक्षित राहावी, यासाठी आपण सर्वांनी या सत्रापासूनच कामास लागावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.