रोवणीचा दर कोण ठरवतं?

(फुलचूर, जि. गोंदिया येथे शेतमजूर बायांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपला जिल्हा धानाचा. नांगरणी-चिखलणी पुरुषांकडे, पऱ्हे उपटणं, रोवणी, निंदण बायांकडे. आणि मजुरी? दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईला कमी, पुरुषाला जास्त.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. मग फरक राहिला कसा? कायदा सारख्या कामाला सारखं वेतन म्हणतो. पण शेतात कामं आधीच बायकी आणि पुरुषी अशी वाटलेली. काम वेगळं, म्हणून दाम वेगळा!

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामावर माती मोजून मजुरी ठरे. खड्डा बाईने खणला की पुरुषाने, दर एकच. म्हणजे ठरवलं तर हे जमतं.

ग्रामीण भारतात काम करणाऱ्या दर चार बायांपैकी सुमारे तिघी शेतीत आहेत. शेती गावाला रोजगार देते म्हणतात, ती शेती आपल्याच हातांवर उभी आहे. तरी रोवणीला 'हलकं काम' म्हणतात. रोप फार खोल गेलं तर फुटवे कमी येतात, धान कमी होतं. हे भान बोटांत असतं. याला कौशल्य नाही तर काय म्हणायचं?

तेव्हा यंदा रोवणी लागण्याआधी टोळीटोळीने बसू. दर ठरवू, कामाचे तास ठरवू, वहीत लिहू. त्याखाली एकीनेही बांधीत उतरायचं नाही. रोवणीचे दिवस मोजके असतात. तेव्हा शेतमालकाला आपली गरज असते. आपलं बळ तेच आहे.