झाडाच्या अंगातला कोट



जेवणाआधीचं भाषण म्हणजे श्रोत्यांचा छळ, हे आम्हाला मान्य आहे. मसालेभाताचा वास आम्हालाही येतो आहे. तेव्हा फार लांबण लावत नाही.

2012 साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली. त्या निमित्तानं वुडलँड ट्रस्टनं देशभर साठ लाख झाडं लावायचा संकल्प सोडला होता. त्या लाटेत आपल्या मंडळानंही इथे हर्टफर्डशरमध्ये, गावाबाहेरच्या उतारावर रोपं लावली. तुमच्यापैकी बरेच जण होतात. कुणी बाळाच्या नावानं लावलं, कुणी गेलेल्या माणसाच्या. फोटो काढले, थर्मासमधला चहा प्यायलो, घरी आलो. आणि खरं सांगायचं तर विसरलो.

पेन्सिलीएवढं ते रोप. ससे, हरणं आणि व्होल नावाचा उंदराचा भाऊबंद, सगळे त्याच्यावर टपलेले. आपल्याकडे कलमाभोवती बाभळीच्या काट्या लावतात, इथे प्लास्टिकची नळी घालतात. वनखात्याच्या ग्रॅहम ट्युली यांनी 1979 मध्ये ही युक्ती काढली, म्हणून तिला बरीच वर्षं 'ट्युली ट्यूब' म्हणत. आत ऊब राहते, ओल राहते, रोप भराभर वर येतं. मोठी सोय झाली, यात वाद नाही.

पण बाळाचा कोट वेळेवर काढावा लागतो. नळी उन्हानं आपोआप फुटून गळून पडेल, अशी समजूत होती. झाड मोठं झालं की त्याचीच सावली नळीवर पडते, मग ऊन लागायचं कुठून? जिथे लागतं तिथे ती कडक होऊन तिचा चुरा होतो आणि तो चुरा मातीत जातो. आतून खोड फुगत राहतं, साल ओली राहते, नळीला खुंट्याशी बांधणारी पट्टी खोडात रुतते. वुडलँड ट्रस्टनं 2021 अखेर प्लास्टिकच्या नळ्या वापरणं थांबवायचं ठरवलं. चांगलंच झालं. पण आधी लावलेल्या कुणीतरी काढायला हव्यातच ना!

मागच्या हिवाळ्यात आम्ही सतरा जण गेलो. हिवाळाच का, तर मार्चपासून ऑगस्टपर्यंत पक्ष्यांची घरटी असतात. रखवालदारबाईंनी पहिला नियम सांगितला : आधी आत डोकवा. कारण नळीत उंदीर झोपलेला असतो, कोळी असतात, एकीत तर मेलेल्या गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं निघालं. मग पट्टी कापायची, नळी वरपासून खालपर्यंत उभी चिरायची आणि बाजूला उलगडायची. वर ओढायची नाही, फांद्या मोडतात. पहिल्या तासात आमच्या डॉक्टर मंडळींपेक्षा शाळकरी पोरांचे हात जास्त सफाईनं चालत होते, हे नमूद करायला हवं. चिखल मात्र सगळ्यांना सारखाच लागला.

दुपारी एका रोवनपाशी आलो. आपल्यातल्या एका काका-काकूंनी ते आईच्या नावानं लावलं होतं. आई सांगलीला गेल्या, तेव्हा यांना वेळेवर पोचता आलं नव्हतं. काकांनी नळी चिरली. पट्टी खोडात इतकी खोल गेली होती की दिसतच नव्हती. तिच्यावर खोडाला गाठ आली होती आणि गाठीच्या वरचं झाड वाळलं होतं. कुणी बोललं नाही. पाच वर्षांनी येऊन नळ्या काढा, असं पत्र आपल्या मंडळाला आलं होतं. ते फाइलमध्ये सापडलं. त्या वर्षी गणपतीची गडबड होती आणि हॉलचं भाडं वाढलं होतं, एवढंच आठवतं. चूक आपली, दुसऱ्या कुणाची नाही.

रखवालदारबाई म्हणाल्या, गाठीखाली कापून बघा, रोवन कधी कधी बुडातून फुटतं, कधी फुटत नाही. काकांनीच करवत धरली. कापलेली पट्टी त्यांनी खिशात टाकली.

आता पैशाचं. झाड लावायला पैसे द्या म्हटलं की हात चटकन खिशात जातो. पुण्यात लोखंडी ट्री गार्डवर देणगीदाराचं नाव झाडापेक्षा ठळक असतं, ते आपण पाहिलेलं आहे. नळी काढण्यावर नाव कुठे लिहिणार? म्हणून या कामाला देणगी मिळत नाही. आपल्याला हवे आहेत जाड हातमोजे, चांगल्या कात्र्या, मिनीबसचं भाडं, काढलेलं प्लास्टिक पुनर्वापरासाठी पोचवायचा खर्च आणि मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं. या वेळी पुठ्ठ्याच्या नळ्या घालू. त्याही पाच वर्षांनी बघायला जावं लागेलच. तारीख चिटणीसांनी वहीत लिहून ठेवली आहे.

अजून उताराचा वरचा अर्धा भाग राहिला आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन शनिवारी जाणार आहोत, बस हॉलपासूनच सुटेल. वेलिंग्टन बूट आणा, पांढरे जोडे नकोत. थालीपीठ आणि चहा मंडळाकडून. देणगीची पेटी दाराशी ठेवली आहे, नावनोंदणीचा कागद तिच्याच शेजारी आहे. काकूंनी आपलं नाव सगळ्यात वर लिहिलंय. त्यांना ते रोवन फुटलं का ते बघायचं आहे.

चला, पानं वाढली आहेत.