रिपोर्टातला मिनिमम बॅलन्स
(सोसायटीतील ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



सगळी नोकरी बँकेत आकड्यांत गेली, म्हणून कमिटीने हा विषय माझ्या गळ्यात घातला. मी डॉक्टर नाही. नाशकात १९९८ पासून आरोग्य विद्यापीठ आहे, तरी आपण सल्ला घेतो तो कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर! माझं बोलणंही तेवढ्याच बेतानं घ्या.

रक्ताचा रिपोर्ट आला की आपण ठळक छापलेला आकडा शोधतो. नसला की कागद फाईलला, आपण चहाला. शेजारी जी मर्यादा छापतात, तिच्यात साधारणपणे शंभरातल्या ९५ निरोगी माणसांचे आकडे बसतात. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाऊ शकतो. मोठं पॅकेज केलंत तर बहुधा जातोच. उलट, आकडा मर्यादेत असूनही गडबड असू शकते.

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचं हिमोग्लोबिन तीन वर्षांत १४.६, १३.२ आणि ११.४ असं आलं. पुरुषांची खालची मर्यादा १३, म्हणून पहिले दोन रिपोर्ट 'नॉर्मल'. खात्यातली शिल्लक सारखी घटतेय, पण मिनिमम बॅलन्सच्या वर आहे तोवर बँकेचं पत्र येत नाही, तसंच हे. तिसऱ्या वर्षी दम लागायला लागला. घरचे म्हणाले, वय झालं, बीट-खजूर खा. लोहाच्या गोळ्याही आणून ठेवल्या होत्या.

डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारी-शेजारी मांडले आणि विचारलं, "गुडघ्यासाठी काय घेता?" मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्यावरची गोळी, रोज, दीड वर्ष! "शौचाला काळं होतं का?" होत होतं, पण असलं कसं सांगायचं, म्हणून गप्प. दुर्बिणीने तपासल्यावर जठरात अल्सर निघाला, त्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. लोहाच्या गोळीनेही शौचाला काळं होतं. ती आधीच सुरू झाली असती तर ही खूण झाकली गेली असती.

म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, तारीखवार लावून न्या. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, काढे-चूर्णंसुद्धा. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील तर आवर्जून सांगा; त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडाही रक्त कमी असलं की फसवू शकतो, तेव्हा दोन्ही कागद एकदम दाखवा.

आणि नुसतं "थकवा येतो" म्हणू नका. "दिवाळीपर्यंत पांडवलेणी एका दमात चढत होतो, आता तीनदा बसावं लागतं," असं सांगा. वहिनींनो, तुम्हीही सांगा. तुमचा नंबर नेहमी सगळ्यांचं झाल्यावर लागतो.

कुणाला कागद तारखेप्रमाणे लावून हवे असतील तर संध्याकाळी सहानंतर मी गेटजवळच्या बाकावर असतो. औषध मात्र विचारायचं नाही.