पोराचा श्वास मोजा, सकाळची वाट बघू नका

(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



प्लॉटच्या केसचं बोलायच्या आधी दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. ती आमच्याच चुकीची आहे.

मागच्या आवणीत एका पाड्यावर आमची बैठक होती. एक आई दाराशी येऊन म्हणाली, "पोराला धाप लागलीय." आम्ही म्हणालो, "बैठक उरकू दे, सकाळी नेऊ." रात्री पाऊस लागला, ओहोळ भरला. सकाळी पोराला झोळीत घेऊन निघालो, ते वाटेतच गेलं. आठ महिन्यांचं होतं. एकर-गुंठ्याचा हिशोब आम्हाला तोंडपाठ, पण पोराचा श्वास मोजायचं कोणालाच सुचलं नाही.

१९९२ साली आपल्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला पोरं मेली. मग मंत्री आले, पेपरवाले आले. पोरं गेल्यावर आले. म्हणून धोका आधी आपणच ओळखायचा.

श्वास कसा मोजायचा? पोर शांत असताना, रडत-पीत नसताना, अंगावरचं कापड वर करा. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. आपल्या बाया विसाने मोजतात, तसंच मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे तीन विसा, म्हणजे ६०. दोन महिने ते एक वर्ष, अडीच विसा, म्हणजे ५०. एक ते पाच वर्षं, दोन विसा, म्हणजे ४०. खोकला आहे आणि श्वास एवढे किंवा जास्त भरले, तर न्युमोनिया समजा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मोजत बसू नका. निघा.

आणखी कधी लगेच निघायचं?
– पोर अंगावर पीत नाही, पाणीही घेत नाही.
– दिलेलं सगळं ओकून टाकतं.
– आकडी आली. तोंडात काही घालू नका, कुशीवर निजवा.
– हाक मारली तरी नीट जागं होत नाही.
– जुलाबात डोळे खोल गेले, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते.
– दोन्ही पावलांना सूज आली.
– दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं किंवा गार पडलं. गार पडलं असेल तर त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून गोधडी घ्या, आणि तसंच चालू लागा.

जुलाब सुरू झाले की पाणी तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. पोर शुद्धीवर असेल तर वाटेतही थोडं थोडं पाजत राहा. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

आता भगताचं. भगत आपलाच माणूस आहे, त्याला आम्ही शिव्या देत नाही. त्याला झोळीबरोबर घ्या, मंत्र वाटेत म्हणू दे. पण रात्रभर बसायचं नाही. आणि पोटाला डाग तर कधीच द्यायचा नाही. त्याने आजार जात नाही, वर जखम होते.

पैशासाठी आई अडते, नवरा मजुरीला गेलेला असतो. म्हणून प्रत्येक पाड्याने आजच ठरवा: झोळी कोण उचलणार, घड्याळ कोणाकडे, कंदील कोणाचा, मागे राहिलेली पोरं कोण सांभाळणार. दवाखान्यात डॉक्टर नसला, किंवा बघायला नाही म्हणाला, तर तिथे भांडत वेळ घालवू नका. पोराला पुढच्या दवाखान्यात न्या. तारीख, वेळ लिहून आम्हाला द्या. भांडायला मग आपण सगळे मिळून जाऊ. औषध हा आपला हक्क आहे, उपकार नाही.

प्लॉट आपण पोरांसाठीच मागतो. उद्या तो कसायला पोरंच उरली नाहीत, तर सातबारा कोणाच्या नावावर चढवायचा?

जिंदाबाद!