तीस बाथचा हिशेब

घरात कुणी गंभीर आजारी पडले, की पहिला प्रश्न येतो, 'न्यायचे कुठे?' आणि लगेच दुसरा, 'पैशांचे काय?' मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलेन. उदाहरण घेतो थायलंडचे.

२००१ साली तिथल्या सरकारने जाहीर केले, की ज्यांना कसलेच संरक्षण नाही त्यांनी ठरलेल्या रुग्णालयात दर खेपेला फक्त ३० बाथ द्यावेत. तेव्हाचे आपले सुमारे ३२ रुपये! उरलेला खर्च करांतून. पुढच्याच वर्षी तसा कायदा झाला. देश १९९७ च्या आर्थिक संकटातून जेमतेम सावरत होता. मग हे परवडले कसे?

पैसा देण्याच्या पद्धतीमुळे. प्रत्येक तपासणीचे आणि इंजेक्शनचे वेगळे बिल सरकार भरू लागले, तर तपासण्या आणि इंजेक्शने वाढतच जातात. थायलंडने २००२ साली माणशी, वर्षाला सुमारे १,२०० बाथ धरले. रुग्णालयाकडे जितके लोक नोंदलेले, त्या हिशेबाने पैसे आगाऊ. दाखल रुग्णांसाठी आजारानुसार दर, पण एकूण रकमेला मर्यादा. शिवाय पैसे देणारी संस्था रुग्णालये चालवणाऱ्या मंत्रालयापासून वेगळी केली.

याला आधार होता तो जुन्या पायाभरणीचा. जिल्ह्याजिल्ह्यांतून, खेड्यांच्या जवळ, छोटी रुग्णालये आधीच उभी होती. सरकारी खर्चाने शिकलेल्या डॉक्टरांना सत्तरच्या दशकापासून सरकारी सेवा बंधनकारक होती.

झळही बसली. ठरलेली रक्कम अनेक रुग्णालयांना पुरेना. रांगा वाढल्या, काही डॉक्टर खासगीकडे वळले. डायलिसिस तर सुरुवातीच्या यादीतच नव्हते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना २००८ पर्यंत थांबावे लागले. माणशी रकमेचा धोकाही हाच, की उपचारांत हात आखडता घेतला जातो. म्हणून देखरेख लागतेच. तरीही देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा सुमारे एक तृतीयांश होता, तो पुढच्या दशकभरात एक दशांशाच्या आसपास आला.

आपल्याकडे हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता. सरकारी आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. २०१८ ची आयुष्मान भारत विमा योजना असो वा आपल्या राज्याची महात्मा फुले योजना, भर आहे तो रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चावर. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या या विम्यात बसत नाहीत. आणि त्याच चुकल्या, की माणूस दाखल होण्याची वेळ येते!

तेव्हा नवी योजना जाहीर झाली, की संरक्षण किती लाखांचे हे जरूर विचारा. पण दवाखान्याला पैसे कशाबद्दल मिळणार, आणि गावाजवळच्या दवाखान्यात डॉक्टर व औषध असणार का, हे त्याआधी विचारा.