काटकसर : घरातली आणि गावातली



इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी हिशेबाच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. दख्खनचे दंगे या नावाने हा उठाव इतिहासात नोंदला गेला. त्याच्या कारणांचा शोध घेण्यासाठी तत्कालीन सरकारने आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात आणि सणावारांत पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. आयोगाने मात्र निराळेच सांगितले. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने फार असतो हे खरे. पण तो प्रसंग क्वचित येतो. पोटाचे धान्य, बियाणे, बैल आणि शेतसारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढावी लागणारी लहान लहान कर्जेच शेतकऱ्याचे ऋण अधिक फुगवितात, असा आयोगाच्या निष्कर्षाचा आशय होता.

काटकसरीचा उपदेश करणाऱ्याने हा निष्कर्ष आधी ध्यानात घ्यावा. ज्याच्या हातात दिवसाच्या मजुरीपलीकडे काही उरतच नाही, त्याला बचतीचे महत्त्व सांगणे ही क्रूर थट्टा होय. त्याला काम हवे, रास्त दाम हवा. परंतु ज्या घरात थोडेफार उरते, तिथे ते कोणत्या वाटेने जाते, हे पाहण्याजोगे आहे. ती वाट बहुधा लहानच असते.

साधा हिशेब घ्या. बाहेरचा दहा रुपयांचा चहा दिवसातून दोनदा घेणाऱ्याचे वर्षाकाठी सात हजार तीनशे रुपये खर्च होतात. तंबाखू, सुपारी यांचा हिशेब तर कोणी करीतच नाही. आणि त्यांचे खरे बिल पुढे दवाखान्यात चुकते करावे लागते. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला नऊ युनिट वीज लागते. त्याच जागी नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला, तर दीड युनिटही लागत नाही. डाळ दोन तास भिजवून, पातेल्यावर झाकण ठेवून शिजविली तर इंधन वाचते, हे गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या, शिळ्या भाकरीचा कुस्करा करणाऱ्या या महाराष्ट्रात काटकसरीचे शास्त्र पुस्तकातून आलेले नाही. उतरंडीच्या तळच्या मडक्यात चार पैसे दडवून ठेवणारी बाई हीच इथली पहिली बँक.

इथेच एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. पुष्कळ घरांत काटकसर होते ती एकट्या स्त्रीच्या ताटातून. ती शेवटी जेवते, उरलेसुरले खाते, आपले दुखणे अंगावर काढते, आणि घर ‘नेटके’ चालले म्हणून तिची वाहवा होते. मुलाचे दूध, मुलीची वही किंवा बाळंतिणीचा आहार तोडून जे साठते, त्याला बचत म्हणता येणार नाही. ते उद्यावर काढलेले कर्ज आहे. कात्री लावायचीच असेल तर आधी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खिशाला लावावी. सभागृहात काहींना हे रुचणार नाही, पण ते खरे आहे.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हा फरक अचूक ओळखला होता. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे, असा हा पुरुष लोकांना ऋण काढून सण करू नका, देवापुढे बकरे मारू नका, असे कीर्तनातून सांगे. आणि त्याच दमात, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शाळेत घाला, असेही बजावी. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्याच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाचा आधार होता : घरोघर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते मुलांच्या जेवणासाठी द्यायचे. मूठभर धान्याने कोणाचे घर उपाशी राहिले नाही, आणि कितीतरी गरीब मुले शिकली.

वाचलेला पैसा घरात पडून राहिला तर तो टिकत नाही. पाहुणा येतो, जत्रा येते, आजकाल मोबाइलचा हप्ता येतो. म्हणून तो वेळीच सुरक्षित जागी गेला पाहिजे. टपाल खात्याची बचत बँक या देशात १८८२ पासून आहे. तिथे आवर्ती ठेव खाते महिना शंभर रुपयांपासून उघडता येते आणि पाच वर्षांच्या साठ हप्त्यांत सहा हजार रुपये मुद्दल व त्यावरील व्याज हाती येते.

बचत गटाचे गणित याहून बोलके आहे. सावकार शेकडा पाच रुपये दरमहा आकारतो, म्हणजे वर्षाला साठ टक्के. गटाने शेकडा दोन रुपये आकारले तरी हजारामागे दरमहा तीस रुपये वाचतात, आणि भरलेले वीस रुपयेही गटाच्याच पेटीत परत येतात. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला, तेव्हा तारण नसलेल्या बायकांना कर्ज कसे द्यावे, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात होता. नियमित बैठक, नियमित बचत आणि नीट लिहिलेली वही, हेच त्यांचे तारण ठरले.

शिक्षकांना एक गोष्ट सहज करता येईल. सातवीच्या मुलांकडून एक महिना घरखर्चाची वही लिहून घ्यावी आणि टक्केवारीची उदाहरणे त्याच वहीतून घालावीत. मात्र ती वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नये. घरोघरची परिस्थिती निराळी असते.

पंचायत सदस्यांसाठीही काम आहे. तीस वॉटचे वीस पथदिवे सूर्योदयानंतर तीन तास तसेच जळत राहिले, तर महिन्याला चोपन्न युनिट वीज वाया जाते आणि तिचे बिल ग्रामनिधीवर पडते. सकाळी ते बटण बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हे येत्या मासिक सभेत नावानिशी ठरविता येईल.