वकिलीचे शिक्षण : शिष्यवृत्तीचा आकडा आणि घरचा हिशेब

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगविषयी बोलणारी माझ्याहून जाणकार मंडळी आज येथे आहेत. माझ्या वाट्याला वकिलीच्या शिक्षणाचा विषय आला आहे. मी वकील नाही, बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपली मुले-मुली बारावीनंतर कायद्याकडे वळू लागली आहेत आणि प्रवेशाचे दिवस आले की त्यांचे पालक हातात दोन-दोन, तीन-तीन पत्रे घेऊन आमच्याकडे येतात. प्रत्येक पत्रात शिष्यवृत्तीचा आकडा ठळक छापलेला असतो. प्रश्न एकच असतो : "सर, यातले कोणते घ्यावे?" पत्र वाचता येते आणि गुणाकार करता येतो, एवढ्या भांडवलावर मी आज बोलणार आहे.

प्रथम त्या ठळक आकड्याकडे पाहू. पत्रात लिहिलेले असते, "आपणास पन्नास टक्के शिष्यवृत्ती मंजूर करण्यात येत आहे." ऐकून बाप हरखतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. पन्नास टक्के कशाचे, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते फक्त शिकवणी शुल्काचे असतात. वसतिगृह, खानावळ, अनामत, परीक्षा शुल्क, पुस्तके आणि गणवेश म्हणून शिवावा लागणारा काळा कोट, हे सर्व त्या पन्नास टक्क्यांच्या बाहेर राहते.

एक उदाहरण फळ्यावर मांडतो. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. समजा, एका खाजगी विद्यापीठाचे वार्षिक शुल्क तीन लाख आहे. निम्मे माफ झाले, राहिले दीड लाख. वसतिगृह आणि जेवण मिळून एक लाख चाळीस हजार. म्हणजे वर्षाला दोन लाख नव्वद हजार, आणि पाच वर्षांचे साडेचौदा लाख. आता दुसरे पत्र पाहा. ते एका जुन्या अनुदानित महाविद्यालयाचे आहे. त्यात शिष्यवृत्तीचा शब्दही नाही. शुल्क पंधरा हजार, खोली आणि मेस महिना सात हजार. वर्षाला नव्व्याण्णव हजार, पाच वर्षांचे चार लाख पंचाण्णव हजार. ज्या पत्रात शिष्यवृत्ती नाही, ते घराला साडेनऊ लाखांनी स्वस्त पडते! मलकापूरला भुसाराचे दुकान चालवणारा आपला माणूस पोत्यामागे आठ आण्यांचा फरक ओळखतो. तोच माणूस मुलाच्या प्रवेशाच्या वेळी सवलतीचा आकडा पाहून भुलतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. सवलत किती मिळाली हे बाजूला ठेवा. घरातून किती जाणार, तेवढेच लिहून काढा, आणि तेही शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंतचे.

दुसरी गोष्ट अटींची, आणि ती पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. शिष्यवृत्ती पाच वर्षांची की पहिल्याच वर्षाची? पुढे चालू राहण्यासाठी किती गुण हवेत? माझ्या परिचयाच्या एका मुलाला अशीच अर्धी माफी मिळाली होती. पहिल्या वर्षी वर्गातील वरच्या काही क्रमांकांत यावे, अशी बारीक अक्षरातील अट होती. मुलगा उत्तम गुणांनी पास झाला, पण क्रमांक आला नाही. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण शुल्क सुरू झाले. वरच्या उदाहरणात हेच घडले तर साडेचौदा लाखांचे साडेवीस लाख होतात. त्याच्या वडिलांनी रस्त्याकडेचे दीड एकर शेत काढले. मधेच शिक्षण सोडावे तर झालेला खर्च वाया जातो, म्हणून माणूस अडकतो, आणि हे देणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून गुणांची अट आणि क्रमांकाची अट यांतील भेद नीट समजून घ्या. "साठ टक्के गुण हवेत" ही अट सर्व विद्यार्थी पूर्ण करू शकतात. "पहिल्या दहांत यावे" ही अट दहाजणच पूर्ण करणार. शिष्यवृत्ती चाळीसजणांना दिली असेल तर तिसांची ती जाणार, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरलेले असते. अमेरिकेत हेच झाले. तेथील अनेक लॉ स्कूल्समध्ये गुण ठरावीक प्रमाणातच वाटतात, त्यामुळे काही विद्यार्थ्यांची सवलत जाणे अटळ असते. २०११ मध्ये तेथील वृत्तपत्रांनी याला वाचा फोडली. त्यानंतर अमेरिकन बार असोसिएशनने नियम केला, की सशर्त शिष्यवृत्ती किती विद्यार्थ्यांना दिली आणि त्यांपैकी कितीजणांची कमी वा बंद झाली, हे प्रत्येक लॉ स्कूलने जाहीर केले पाहिजे. तोच प्रश्न तुम्हीही विचारा : "मागील वर्षी किती मुलांना दिली होती, आणि आज त्यांपैकी कितीजणांची चालू आहे?"

शिष्यवृत्तीची अट माणसाला कोठे नेते, याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या काळी एका अस्पृश्य तरुणाला अशी मदत देणारा राजा विरळाच. महाराजांचे ते ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. न्यूयॉर्कचे शिक्षण आटोपून १९१६ मध्ये ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि अर्थशास्त्राच्या शाळेत पदवीसाठी नाव घातले. अभ्यास रंगात आला आणि मुदत संपली. १९१७ मध्ये सर्व अर्धवट टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. जेथे उतरले होते त्या पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, शाहू महाराजांचे साहाय्य, नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, अशी जमवाजमव करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत बॅरिस्टरी आणि डी.एस्सी. दोन्ही पदरात पाडून आले. पहिल्या वेळी पैसा दुसऱ्याचा होता आणि मुदतही दुसऱ्याची. दुसऱ्या वेळी पैसा कमी होता, पण केव्हा थांबायचे हे त्यांच्या हातात होते. आपली मुले काही बाबासाहेब नव्हेत, तेव्हा त्यांच्या बाबतीत मुदतीची चौकशी आधीच केलेली बरी.

आता शासनाच्या योजना. येथे पुष्कळ गैरसमज आहेत. आपल्यातील मोमीन, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत; ज्यांची जात कोणत्याही आरक्षणात नाही आणि उत्पन्न कमी आहे, त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळू शकतो. हे आजही निम्म्या घरांना माहीत नसते. दि. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील या दोन्ही गटांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे, आणि खाजगी अभिमत व खाजगी विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. म्हणजे पन्नास टक्क्यांच्या पत्रासाठी मुलीला खाजगी विद्यापीठात घालणारा बाप शंभर टक्क्यांची माफी आपल्या हाताने सोडून देतो. याखेरीज राज्याची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे. मात्र एका वेळी एकच योजना घेता येते. मोठी कोणती ते पाहून अर्ज करा. आणि पैसे हाती पडायला उशीर होतो, पुष्कळदा वर्ष अर्धे सरते. तोपर्यंतची सोय घरात असावी.

दाखल्यांविषयी एवढेच सांगतो, की उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर आणि विशेषतः जात पडताळणी यांची कामे अकरावीतच सुरू करा. निकालानंतर बुलढाण्याला खेटे घालून प्रवेशाची तारीख गाठणे कठीण. योजना कायम राहतील असेही समजू नका. संशोधनासाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली, हे आपण पाहिले आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा विचार मात्र मी वेगळा करतो. पहिले बंगळूरला १९८७ मध्ये निघाले. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे तीन आहेत. क्लॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि शुल्क जड असते. माझे स्पष्ट मत असे, की येथे प्रवेश मिळाला तर केवळ पैशांच्या धाकाने तो सोडू नये. ग्रंथालय, शिक्षक आणि सोबतचे विद्यार्थी यांचा तेथे जो लाभ होतो, तो खाजगी विद्यापीठाच्या चकचकीत इमारतीत मिळेलच असे नाही. तेथे काही ठिकाणी घरच्या उत्पन्नाप्रमाणे साहाय्य मिळते, त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'इडिया' ही संस्था गरीब घरांतील मुलांना या परीक्षेसाठी तयार करते. केंद्राच्या २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतील संस्थांसाठी तारण आणि जामीन न घेता कर्ज मिळते, आणि आपल्या राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही शैक्षणिक कर्ज देते. व्याजाचा प्रश्न प्रत्येक घराच्या सद्सद्विवेकाचा आहे, त्यात मी पडत नाही.

कर्ज घेणाऱ्याने मात्र पदवीनंतरची तीन-चार वर्षे डोळ्यांपुढे ठेवावीत. इंजिनिअरप्रमाणे वकिलाला पहिल्या महिन्यापासून पगार नसतो. सनदेचे शुल्क आता फार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सर्वसाधारण उमेदवारासाठी ते साडेसातशे रुपयांवर बांधून दिले. पण ज्युनिअर वकिलाला मिळते ते किती? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असे सुचविले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आपल्या तालुका न्यायालयांत चौकशी करून पाहा, म्हणजे समजेल. न्यायाधीश व्हायचे म्हणणाऱ्यांसाठीही २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे नेमक्या ज्या वर्षांत मिळकत सर्वांत कमी, त्याच वर्षांत कर्जाचे हप्ते सुरू होतात. पंधरा लाखांचे कर्ज डोक्यावर असलेला मुलगा खामगाव-मेहकरच्या न्यायालयात उभा राहूच शकत नाही. त्याला मोठ्या शहरात मिळेल ती नोकरी धरावी लागते. मग ज्या कामासाठी त्याला कायदा शिकविला, ते कोणी करायचे?

येथे दोन नावे सांगण्याचा मोह आवरत नाही. न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिज आणि लिंकन्स इन करून १९३० मध्ये ते नागपुरातच वकिलीला बसले, तेथील लॉ कॉलेजात शिकविले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा त्याच नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत होता. दुसरे नाव न्यायमूर्ती भूषण गवई यांचे. अमरावतीचे राहणारे, कायद्याचे शिक्षण अमरावतीत, १९८५ मध्ये सनद, आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश. एक विलायतेला जाऊन आले, दुसरे शिकले ते आपल्याच विभागात. महाविद्यालयाच्या नावाने वाट थोडी सोपी होते, हे खरे. पण नाव नसले म्हणून वाट बंद होत नाही.

मुलींच्या पालकांना वेगळे दोन शब्द. "जवळचेच बरे" म्हणून तुम्ही पुष्कळदा सर्वांत महाग आणि सर्वांत हलके महाविद्यालय निवडता. मलकापूर, नांदुरा वा शेगावहून नागपूर ही एका गाडीची वाट आहे, आणि मुलींची वसतिगृहे तेथेही आहेत. एकदा स्वतः जाऊन, पाहून या. मुलीलाही बरोबर न्या. पाच वर्षे तिला राहायचे आहे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. अनामत भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेला विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात पत्र लिहावे. शिष्यवृत्ती किती वर्षांची, कशावरची, कोणत्या गुणांवर वा क्रमांकावर टिकणार, शुल्क दरवर्षी वाढणार का, वाढल्यास माफीही वाढणार का, आणि एक वर्ष आजारपणात गेले तर काय, एवढे विचारावे. दुसऱ्या संस्थेने अधिक देऊ केले असेल तर तेही निःसंकोच कळवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. काही वेळा आकडा वाढतोही. उत्तर लेखी मागा. फोनवर गोड बोलणारा माणूस पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर नसतो. अशा पत्राचा कच्चा नमुना आम्ही शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. शिपाईमामांकडे मागितला की मिळेल. आलेले उत्तर घेऊन या, शनिवारी शाळा सुटल्यावर आपण ते एकत्र बसून वाचू.